आर्चबिशपांचा डच चिटणीस

१५८३ च्या सप्टेंबरात लिस्बनहून आलेल्या जहाजातून विशीतला एक डच तरुण गोव्यात उतरला. त्याचे नाव यान हायखेन व्हान लिन्सखोटेन. नोकरी आर्चबिशपांच्या चिटणिसाची. पोर्तुगीजांच्या वैभवाचा तो काळ. मिरी-लवंगांचा युरोपला जाणारा सागरी रस्ता त्यांच्या मुठीत होता आणि त्याची माहिती ते परक्यांपासून जिवापाड जपत.

हा तरुण तलवारीचा नव्हे, लेखणीचा. पाच वर्षे तो बंदरे, वारे, प्रवाह, बाजारभाव टिपत राहिला. आतली कीडही त्याच्या नजरेतून सुटली नाही. व्यापाराचा मक्ता राजाचा. पण किल्लेदार तीन वर्षांसाठी येत आणि तेवढ्यात स्वतःची तुंबडी भरून घेत. 

आर्चबिशप वारल्यावर १५८९ मध्ये लिन्सखोटेन परतीला लागला. वाटेत अझोर्स बेटांवर दोन वर्षे अडकून १५९२ मध्ये तो मायदेशी पोचला. १५८० पासून पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि त्याच राजाशी डचांचे युद्ध चालू होते. त्यामुळे लिस्बनच्या मालाचा डच व्यापाऱ्यांना भरवसा उरला नव्हता. त्यांच्याकडे पैसा होता, जहाजे होती. नव्हती ती वाट. ती लिन्सखोटेनच्या टिपणांत होती. १५९५ मध्ये निघालेला डच काफिला त्या आधारे, मलाक्का टाळून, जावा बेटावर पोचला. १५९६ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ छापून आला आणि गुपित गुपित राहिले नाही.

पण केवळ नकाशाने का कुणी श्रीमंत होतो? १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सुमारे ६४ लाख गिल्डर उभे केले, तेही जनतेकडून. ॲमस्टरडॅममधल्या एका मोलकरणीनेसुद्धा त्यात १०० गिल्डर गुंतवले होते. भाग दुसऱ्याला विकता येई, भांडवल मात्र वर्षानुवर्षे धंद्यात राही. एखादे जहाज बुडाले तरी तोटा हजारो खिशांत वाटला जाई. पुढे डचांनी १६४१ मध्ये मलाक्का घेतले, १६६३ मध्ये कोचीन.

हे पाहायला लिन्सखोटेन नव्हता. आपल्या एन्खौझन गावाचा खजिनदार म्हणून काम करता करता १६११ मध्ये तो वारला.

डचांच्या भरभराटीलाही रक्ताचे डाग आहेत. जायफळाच्या मक्त्यासाठी १६२१ मध्ये त्यांनी बांदा बेटे जिंकली. तेथले बहुतेक रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. पुढे कंपनीचे नोकरही चोरून खासगी व्यापार करू लागले, कर्ज वाढत गेले आणि १७९९ च्या अखेरीस कंपनीच मोडीत निघाली. लिन्सखोटेनने गोव्यात पाहिलेली कीड डचांच्या घरातही शिरली होती. वाट दाखवणारा त्यांना भेटला होता. त्याच पुस्तकातला हा इशारा मात्र फारसा कुणी मनावर घेतला नाही.