रॉबर्ट बॉईल

रॉबर्ट बॉईल (२५ जानेवारी, १६२७ – ३१ डिसेंबर, १६९१) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. वायूचा दाब व आकारमान यांचा संबंध सांगणाऱ्या बॉईलच्या नियमामुळे (१६६२) ते सर्वपरिचित आहेत. पदार्थ आम्ल आहे की आम्लारी, हे रंगबदलावरून ठरवण्याची पद्धतशीर रीतही त्यांनी घालून दिली. आजच्या दर्शक कागदाचे मूळ त्यांच्या याच कार्यात आहे.

जीवन

बॉईल यांचा जन्म लिझमोरच्या किल्ल्यात झाला. कॉर्कचे पहिले अर्ल रिचर्ड बॉईल यांचे ते चौदावे अपत्य होते. ईटन येथील शिक्षणानंतर १६३९ मध्ये ते युरोपात गेले व १६४४ मध्ये इंग्लंडला परतले. पुढे ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट हुक यांच्या साहाय्याने त्यांनी हवेच्या पंपावरील प्रयोग केले. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. आजारपणामुळे त्यांची दृष्टी अधू झाली होती, त्यामुळे ते आपले लेखन बहुधा लेखनिकांना सांगत असत. १६६८ पासून ते लंडनला बहीण कॅथरीन यांच्या घरी राहिले. बहिणीच्या मृत्यूनंतर सुमारे आठवड्याने त्यांचे निधन झाले.

रंगदर्शकांवरील कार्य

त्या काळी आम्लाची ओळख मुख्यतः आंबट चव व आम्लारीशी संयोग होताना येणारा फेस यांवरून होत असे. सर्व पदार्थ आम्ल व आम्लारी यांचेच बनलेले असतात, असे मतही प्रचलित होते. बॉईल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात निराळी कसोटी मांडली. व्हायोलेट फुलांच्या निळ्या पाकाचे थेंब पांढऱ्या कागदावर टाकल्यास रंगबदल स्पष्ट दिसतो. आम्लाने ते तांबडे, तर आम्लारीने हिरवे होतात. राखेपासून मिळणाऱ्या आम्लारी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात नारिंगी साका देतात, तर अमोनियायुक्त आम्लारी पांढरा साका देतात, असा भेदही त्यांनी दाखवला. जे पदार्थ कसोटीला मुळीच प्रतिसाद देत नाहीत, ते या दोन्ही वर्गांत बसत नाहीत. त्यामुळे दोनच तत्त्वांचे मत अपुरे ठरते, असा आक्षेप त्यांनी १६७५ च्या सुमारास घेतला.

दर्शक कागद

बॉईल यांच्या काळातील लिहिण्याचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असे व त्याला सरसाची खळ असे. आजचा दर्शक कागद मात्र बिनखळीच्या, शोषक गाळणकागदापासून करतात. सेल्युलोजच्या तंतूंमधून द्रावण वर चढते व तंतूंत मुरलेला रंग बदलतो. तुरटी व राळ यांची खळ दिलेला कागद स्वतःच आम्लधर्मी असल्याने या कामास अयोग्य ठरतो. लिटमस हा रंग दगडफुलाच्या वर्गातील शैवाकांपासून मिळतो.

हळदीचा कागदही असाच दर्शक आहे. आम्लात तो पिवळा राहतो, तर आम्लारीत तांबूस तपकिरी होतो. हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात, कुरुंद्यासारख्या गावी, यासाठी लागणारे द्रव्य शेतातच पिकते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत, तसेच साबण लागताच हळदीच्या डागाचे तांबडे होणे, ही याच अभिक्रियेची घरगुती उदाहरणे होत.