बेंजामिन ग्रॅहॅम : वृद्धीच्या अंदाजांचा परखड परीक्षक

बाजारात तेजी असली की कंपन्यांच्या भावी नफ्याचे अंदाज भराभर प्रसिद्ध होऊ लागतात. अमुक कंपनीचा नफा दरसाल वीस टक्क्यांनी वाढणार असे कानावर आले, की सामान्य गुंतवणूकदार तो आकडा खरा ठरेल का, एवढाच विचार करतो. आजच्या भावात किती वाढ आधीच धरलेली आहे, हा त्याआधीचा प्रश्न विचारायला शिकवले ते बेंजामिन ग्रॅहॅम यांनी.

ग्रॅहॅम यांचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. ते वर्षाचे असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील १९०३ मध्ये निवर्तले आणि चिनीमातीच्या वस्तूंचा व्यापार बसला. आईने उसन्या पैशांवर युनायटेड स्टेट्स स्टीलचे समभाग घेतले होते. १९०७ च्या घबराटीत तेही बुडाले. कोलंबिया विद्यापीठातून १९१४ मध्ये पदवी मिळताच तीन विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. पण घरची ओढाताण पाहून त्यांनी वॉल स्ट्रीटवरील दलालपेढीची नोकरी पत्करली.

इतर लोक बाजारातील वार्ता ऐकत, ग्रॅहॅम सरकारी दप्तरातील अहवाल वाचत. नॉर्दर्न पाइपलाइनचा समभाग ६५ डॉलरला मिळत असताना कंपनीजवळ प्रतिसमभाग सुमारे ९५ डॉलरचे रोखे आहेत, हे त्यांनी १९२६ मध्ये असेच शोधून काढले. तरीही १९२९ ते १९३२ या मंदीत त्यांच्या निधीची जवळजवळ ७० टक्के घसरण झाली.

डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये लिहिलेल्या 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' या ग्रंथात या होरपळीची छाया आहे. नफ्याचा कल चढता आहे, मग कोणताही भाव रास्तच, ही १९२० च्या दशकातील समजूत त्यांनी खोडून काढली. चढता नफा स्पर्धकांना आमंत्रण देतो आणि व्यवसाय मोठा झाला की आधीचा वेग टिकवणे अवघड जाते. मागील आलेखाची रेघ पुढे ओढली की भविष्य कळते, हे त्यांना मान्य नव्हते.

पुढे १९६२ च्या आवृत्तीत एक साधे सूत्र आले. वाढ न होणाऱ्या कंपनीला उत्पन्नाच्या साडेआठ पट भाव, आणि अपेक्षित वार्षिक वाढीच्या प्रत्येक टक्क्यामागे आणखी दोन पट. आज पुष्कळ जण या सूत्राने समभागाचा 'योग्य' भाव काढतात. आमच्या मते त्याचा खरा उपयोग उलट दिशेने वाचण्यात आहे. जनरल इलेक्ट्रिकचेच पाहा. १९६३ च्या अखेरीस तिचा भाव उत्पन्नाच्या २९ पट होता. २९ मधून साडेआठ वजा करून दोनने भागले, की वार्षिक वाढ निघते सव्वादहा टक्के. बाजाराने एवढी वाढ गृहीत धरली होती. १९६९ पर्यंत प्रत्यक्षात झाली सुमारे चार टक्के. जनरल मोटर्सकडून तीन टक्क्यांहूनही कमी अपेक्षा होती, तिने मात्र त्याहून अधिक वाढ दाखवली. आयबीएमबाबतचा अंदाज बराचसा बरोबर आला, हेही ग्रॅहॅम यांनी लपवले नाही.

गंमत अशी, की त्यांची सर्वांत मोठी कमाई वेगाने वाढणाऱ्या कंपनीतच झाली. गव्हर्नमेंट एम्प्लॉईज इन्शुरन्स अर्थात गायको या वाहनविमा कंपनीचा निम्मा हिस्सा त्यांच्या निधीने १९४८ मध्ये सुमारे ७ लाख १२ हजार डॉलरला घेतला. पुढे भाव दोनशे पटींवर गेला. भाव नफ्यापेक्षाही वेगाने चढला होता आणि त्यांच्या स्वतःच्या कसोट्यांनुसार जवळपास सुरुवातीपासूनच महाग होता. तरी त्यांनी समभाग विकले नाहीत. ही जणू घरचीच कंपनी झाली होती. त्यांच्या शिस्तीत न बसणारा हा व्यवहार त्यांनी प्रांजळपणे नोंदवून ठेवला.

वॉरन बफे हे त्यांचे कोलंबियातील विद्यार्थी. त्यांनी १९५४ ते १९५६ या काळात गुरूंच्या पेढीत नोकरीही केली.

ग्रॅहॅम यांचे २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे निधन झाले. बेसुमार विस्तार आणि अपुऱ्या तरतुदींमुळे गायको त्याच वर्षी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती.