मंगळावरची स्वारी जंतूंनी परतवणारा लेखक

‘मिस्टर इंडिया’ न पाहिलेला माणूस देवळी-पुलगावात शोधूनही सापडायचा नाही. मनगटावर यंत्र बांधले की अनिल कपूर दिसेनासा होतो, लाल उजेडात तेवढा दिसतो. १९८७ च्या या चित्रपटाआधी मुंबईत १९५७ साली ‘मिस्टर एक्स’ आणि १९६४ साली ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ निघाले होते. पहिल्यात अशोक कुमार अदृश्य झाले, दुसऱ्यात किशोर कुमार. या सगळ्यांचा मूळपुरुष १८९७ साली इंग्लंडमध्ये एका कादंबरीत अवतरला. ती लिहिणारे एच. जी. वेल्स ऐन उमेदीच्या वर्षांत सतत आजारी असत, आणि ते आजारपण त्यांच्या पुस्तकांपासून वेगळे काढता येत नाही.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमलीचा. वडिलांचे चिनीमातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान होते. ते चालत नसे. घर चाले ते वडिलांच्या क्रिकेटवर. केंट परगण्याकडून खेळताना १८६२ मध्ये त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. हर्बर्ट सात-आठ वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या पोराला वडील वाचनालयातून पुस्तके आणून देऊ लागले आणि वाचनाचे वेड लागले ते कायमचे. पुढे १८७७ मध्ये वडिलांच्याच मांडीचे हाड मोडले. क्रिकेट संपले, मिळकत आटली, आणि मुलाला कापड दुकानात उमेदवारीला धाडले गेले. दिवसाला तेरा-तेरा तासांचे काम. पोरगा वैतागून गेला.

शिष्यवृत्तीने सुटका केली. १८८४ मध्ये लंडनच्या विज्ञान विद्यालयात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच वर्षी जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्सली. डार्विनच्या उत्क्रांतिवादाची बाजू जाहीर सभांतून लढवणारे तेच हे हक्सली. ते एक वर्ष वेल्स यांना जन्मभर पुरले. भूशास्त्रात मात्र ते नापास झाले आणि १८८७ मध्ये वेल्समधल्या एका शाळेत मास्तरकी करू लागले. तिथे फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला जबर मार बसला. मागोमाग खोकल्यातून रक्त पडू लागले. डॉक्टरांना क्षयाचा संशय आला. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे पाचच वर्षांपूर्वी दाखवला होता. त्यावरचे औषध यायला आणखी अर्धे शतक लागायचे होते. तेव्हा डॉक्टरांकडे देण्यासारखे होते ते विश्रांती, चांगले अन्न आणि मोकळी हवा एवढेच.

तशातच त्यांनी १८९० मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेतली. १८९३ मध्ये त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. त्याच वर्षी पुन्हा रक्त पडले आणि वर्गात उभे राहून शिकवणे सुटले. घरी बसून पोट भरायचे तर लेखणीच हाती घ्यायला हवी होती. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’, पुढच्या वर्षी ‘डॉक्टर मोरोचे बेट’, मग ‘अदृश्य माणूस’ आणि १८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’, अशा चार वर्षांत चार कादंबऱ्या आल्या.

यातली शेवटची आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चालून येतात, तोफा निकामी ठरतात, लंडन ओस पडते. या प्राण्यांना पचनसंस्थाच नसते; ते जिवंत प्राण्यांचे रक्त काढून सरळ आपल्या शिरांत सोडतात. आणि अखेर ते मरतात ते पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी, कारण त्यांच्या ग्रहावर जंतूच नसतात. माणसाची प्रतिकारशक्ती ही असंख्य पूर्वजांच्या मृत्यूंनी चुकती केलेली किंमत आहे, हा हक्सलींच्या वर्गातला धडा इथे गोष्ट होऊन आला. ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः येत होती. त्याच वर्षी मुंबई-पुण्यात प्लेग माणसे नेत होता आणि जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. जंतू हा त्या काळचा जळता विषय होता.

परग्रहवासीयांना आपले जंतू बाधतील का? विषाणू बहुधा नाही, कारण त्यांना ओळखीची पेशी लागते. कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र नुसते खाद्य पुरते. उलट बाजूची काळजी शास्त्रज्ञांनी खरोखर घेतली. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने आधी भट्टीत तापवून निर्जंतुक केली होती.

पडद्यावर हा जीवशास्त्राचा भाग बराच गळला. ‘अदृश्य माणूस’ १९३३ मध्ये पडद्यावर आला तेव्हा औषधाने नायक वेडा होतो असे दाखवले. वेल्स यांना ते रुचले नाही. पुस्तकात मांजरावरच्या प्रयोगात सारे शरीर दिसेनासे होते, फक्त डोळ्यांच्या तळाची चकाकी जात नाही. डोळ्याच्या पडद्याने प्रकाश अडवला नाही तर दिसणारच नाही, हा मुद्दा लेखकाला सतावत होता. आपल्या मिस्टर इंडियाला असली अडचण कधी आली नाही! १९५३ मध्ये मंगळाची स्वारी कॅलिफोर्नियात गेली, २००५ मध्ये स्पीलबर्ग यांनी ती न्यू जर्सीत आणली. जंतू दोन्हींत आहेत, पण शेवटच्या काही मिनिटांत. त्यापेक्षा १९३६ चा ‘थिंग्ज टु कम’ पाहावा. पटकथा स्वतः वेल्स यांची. लांबलेल्या युद्धानंतर एक साथ पसरते, रोगी भान हरपून भटकू लागतात आणि भेदरलेले लोक त्यांना गोळ्या घालतात. करोनाकाळात गावांच्या वेशी कशा बंद झाल्या होत्या ते आठवणाऱ्याला हा भाग जड जाईल.

साठी उलटल्यावर वेल्स यांना मधुमेह निघाला. त्यांचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. १९२३ मध्ये मरणाच्या दारातून ते इन्सुलिनमुळे परतले होते. १९३३ मध्ये वेल्स यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या मधुमेह विभागासाठी लोकांकडे पैसे मागितले. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून मधुमेहींची संघटना उभारली, वेल्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. इन्सुलिन पैसेवाल्यांपुरते राहू नये आणि रोग्यांनी आपला आजार नीट समजून घ्यावा, हा तिचा हेतू होता. ती आजही ‘डायबिटीस यूके’ या नावाने काम करते.

वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये वारले, वयाच्या ७९ व्या वर्षी. क्षयाचा संशय आल्याला तेव्हा ५९ वर्षे झाली होती.