खोडकर मुलांची डॉक्टरीणबाई : मारिया माँटेसरी



प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा असतोच. त्याचे लक्ष फळ्याकडे नसते. तो खिडकीतून बाहेर बघतो, शेजाऱ्याची पाटी ओढतो, एका जागी दहा मिनिटे बसत नाही. मग कुणी त्याला मठ्ठ म्हणतं, कुणी उनाड म्हणतं. असं नाव एकदा चिकटलं की सातवीपर्यंत निघत नाही. अशा मुलांकडे नीट बघायला साऱ्या जगाला शिकवणाऱ्या एका थोर बाईंची ही माहिती आहे.

डॉ. मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटली देशातील कियारावाल्ले या लहान गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आईला वाचनाची फार आवड होती. १८७५ साली हे कुटुंब रोम शहरात राहायला गेले. त्या काळी मुलीने शिकायचे ते फार तर मास्तरीण होण्यासाठी. मारियाला ते मुळीच नको होते. आधी तिने मुलग्यांच्या तांत्रिक शाळेत शिक्षण घेतले आणि पुढे डॉक्टर व्हायचा हट्ट धरला. वडिलांना हे आवडले नाही, पण आई पाठीशी उभी राहिली. वैद्यकीय शाळेत प्रेताची चिरफाड शिकावी लागते. मुलग्यांबरोबर मुलीने ते शिकणे बरे दिसत नाही, म्हणून तिला सगळे निघून गेल्यावर एकटीने ते काम करावे लागे. विचार करा, केवढी हिंमत ! १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक होती.

डॉक्टर झाल्यावर त्या रोममधील वेड्यांच्या इस्पितळात जात. तिथे मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेली मुले मोठ्या वेड्यांबरोबर कोंडून ठेवलेली असत. जेवण झाले की ही मुले जमिनीवरचे पावाचे तुकडे गोळा करीत. तिथल्या बाईला ती मुले खादाड आणि घाणेरडी वाटत. माँटेसरीबाईंनी मात्र त्या खोलीकडे बघितले. खोलीत खेळणे नाही, वस्तू नाही, हातात धरायला काहीच नाही. मुलांना भुकेपेक्षा हाताला काम हवे होते. दोघींनी एकच गोष्ट बघितली. एकीने नाव ठेवले, दुसरीने कारण शोधले.

मग त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची पुस्तके अभ्यासली. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली, तिच्या त्या सहप्रमुख झाल्या. दिवसभर मुलांबरोबर राहायचे, रात्री नोंदी लिहायच्या, असे त्यांनी दोन वर्षे केले. त्यांची काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि नेहमीच्या मुलांच्या परीक्षेला बसून पास झाली. लोकांनी वाहवा केली. पण बाईंना वेगळीच काळजी लागली. ही टाकून दिलेली मुले एवढे करू शकतात, तर चांगल्या मुलांना आपल्या शाळा मागे का ठेवतात ?

याच काळात त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही दुःख होते. मुलगा मारिओ याला त्या काळच्या लोकरीतीमुळे लहानपणी दुसऱ्यांच्या घरी वाढवावे लागले. पुढे मात्र तो आईकडे आला आणि जन्मभर तिच्या कामात राहिला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालकांचे घर' उघडले. आईबाप मजुरीला गेले की तिथली पोरं मोकाट फिरत आणि नव्या चाळींच्या भिंती खराब करीत. अशी पन्नासएक मुले जमली. कुणी रडणारं, कुणी भित्रं, कुणी आडदांड. बाईंनी छडी आणली नाही. लहान खुर्च्या, लहान टेबले आणि हाताने करायच्या लाकडी वस्तू आणल्या. दर महिन्याला मुलांची उंचीसुद्धा मोजली जाई.

एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे स्वच्छ पुसावे हे हळूच करून दाखवले. मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या ! शेंबडा म्हणून सगळे रागावत होते, पण पुसायचे कसे हे कुणी दाखवलेच नव्हते.

आणखी एक गंमत ऐका. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी गोल ठोकळे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती. बाईंनी बाकीच्या मुलांना गाणे म्हणायला लावले. मुलगी हलली नाही. तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तिने ठोकळे मांडीवर घेतले आणि काम चालूच ! चाळीसहून जास्त वेळा तिने ते केले आणि मग आपणहून थांबली. दमलेली नाही, उलट आनंदी. लहान मुलांना लक्ष नसते असे जे म्हणत होते, ते चूक ठरले. मनासारखे काम मिळाले की लक्ष आपोआप लागते.

पुढे बाईंनी मुलांच्या कामाचे आलेख काढले. सकाळी दहाच्या सुमारास वर्गात चुळबुळ व्हायची. शिक्षिकेला वाटे, मुले दमली, आता वर्ग बिघडला. पण तिने आरडाओरडा न करता थोडा धीर धरला, की तीच मुले दिवसातले सर्वांत अवघड काम हाती घेत. म्हणून शिक्षकाने आधी बघावे, असे त्या शिकवीत. मूल काय निवडते, किती वेळ रमते, कशाने बिचकते, हे लिहून ठेवावे. मत नंतर बनवावे. नाव ठेवणे सोपे असते, नोंद ठेवणे कठीण.

१९३४ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीशी बिनसले आणि बाईंनी इटली सोडली. १९३९ साली त्या मारिओसह भारतात, मद्रासजवळ अड्यारला आल्या. पहिल्याच वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक जमले. १९४० साली इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओला अटकेत ठेवले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याला सोडले. १९४६ पर्यंत त्या इथेच राहिल्या आणि हजाराहून जास्त शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले. गंमत बघा, मास्तरीण व्हायचे नाही म्हणणारी ही मुलगी मास्तरांची मास्तरीण झाली !

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार रुजला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम चालले. माँटेसरींची साधने महाग पडत, म्हणून इथे शंख, शिंपले, बिया, पाने घेऊन शिकवले. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. त्या मुलांना कुणी उनाड म्हटले नाही.

पालकांनो, मुलाचे लक्ष लागत नसेल तर आधी कारण बघा. फळ्यावरचे दिसते का, कानाने नीट ऐकू येते का, झोप झाली का, सकाळी पोटात काही गेले का ? काही मुलांना खरोखर डॉक्टरांची मदत लागते, ती घ्यायला लाजू नये. आणि मित्रांनो, शेवटच्या बाकावरच्या दोस्ताला आजपासून मठ्ठ म्हणू नका. तो कशात रमतो ते बघा आणि गुरुजींना जाऊन सांगा.