झोरा आर्कुस-डुंटोव : देखण्या मोटारीला बळ देणारा तंत्रज्ञ

जुन्या मोटारीत नवे ताकदवान इंजिन बसवायचे, त्याला हाताने बदलायचा गिअरबॉक्स जोडायचा आणि ती भरधाव सोडायची, हा छंद अमेरिकेतील तरुणांत कित्येक दशके घर करून आहे. मोठ्या कारखान्याचे लक्ष या हौशी मंडळींकडे वेधणारा माणूस मात्र जन्माने अमेरिकन नव्हता. तो होता युद्धाने देशोधडीला लावलेला एक निर्वासित, झोरा आर्कुस-डुंटोव.

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्स येथे रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण रशियात क्रांतीच्या धामधुमीत गेले. पुढे बर्लिनमध्ये त्याने यंत्रशास्त्राची पदवी घेतली. १९३९ साली एल्फी या नर्तकीशी त्याचा विवाह झाला आणि तो फ्रेंच हवाई दलात दाखल झाला. १९४० साली फ्रान्स पडला. एल्फी आपल्या छोट्या मोटारीतून पॅरिसहून एकटी निसटली. अखेर सारे कुटुंब पोर्तुगालमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथे झोराने भाऊ युरा याच्यासह आर्डुन नावाची कंपनी काढली. फोर्डच्या जुन्या व्ही-८ इंजिनाचे व्हॉल्व्ह ठोकळ्यात बाजूला बसवलेले असत. त्यामुळे इंजिनाला श्वास पुरत नसे आणि ते लवकर तापे. या बंधूंनी त्यासाठी वर व्हॉल्व्ह असलेले नवे हेड बनवले. कंपनी टिकली नाही, पण शर्यतवेड्या तरुणांनी ते हेड उचलून धरले.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात झोराने शेवरोलेची नवी कॉर्व्हेट पाहिली. फायबरग्लासची ती काया पाहून तो भारावला. पण आत काय होते? १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच गिअरांची स्वयंचलित व्यवस्था! त्याने कंपनीला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो तेथे नोकरीला लागला.

वर्षअखेरीस या नव्या नोकराने वरिष्ठांना एक टिपण धाडले. हौशी तरुण फोर्डचीच इंजिने हाताळत मोठे होतात, आपल्या इंजिनाकडे त्यांना वळवायचे तर शर्यतीचे सुटे भाग आपणच पुरवले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. इकडे कॉर्व्हेटची अवस्था बिकट होती. १९५४ साली ३,६४० गाड्या तयार झाल्या, त्यांतल्या कितीतरी पडून राहिल्या. १९५५ साली अवघ्या ७०० निघाल्या. गाडी बंद पडण्याचीच वेळ आली होती.

तिला वाचवले ते इंजिन आणि गिअर यांनी. १९५५ साली एड कोल यांच्या चमूने घडवलेले २६५ घनइंचांचे व्ही-८ इंजिन तिच्यात आले. वर्ष सरता सरता हाताने बदलायचे तीन गिअर मिळाले आणि १९५७ साली चार. या इंजिनासाठी झोराने खास कॅमशाफ्ट घडवला आणि जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर स्वतः चालवून ताशी १५० मैलांचा वेग गाठला. मात्र नुसते इंजिन बदलून भागत नाही. वाढलेली ताकद पेलायला ब्रेक, स्प्रिंगा, मागचा आस, सारेच त्या तोलाचे लागते. पुढची वीस वर्षे त्याने याच कामी वेचली. हे छोटेखानी व्ही-८ पुढे हौशी मंडळींनी असंख्य जुन्या गाड्यांत बसवले. टिपणातील अंदाज खरा ठरला.

एक स्वप्न मात्र अपुरे राहिले. इंजिन चालकाच्या पाठीमागे असावे, असा त्याचा हट्ट होता आणि कंपनी तो पुनःपुन्हा नाकारत राहिली. १९७५ साली तो निवृत्त झाला आणि २१ एप्रिल १९९६ रोजी निधन पावला. त्याच्या अस्थी केंटकीतील कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवल्या आहेत. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन अखेर मागे गेले. पण दैवगती अशी की, ज्या हाती बदलायच्या गिअरांनी ती गाडी एकेकाळी तगली, ते मात्र त्या गाडीत उरले नाहीत.

परक्या देशात, परक्या भाषेत, नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरिष्ठांना त्यांची चूक दाखवायची आणि मग ती सुधारण्यासाठी आयुष्य खर्ची घालायचे, हे धैर्य थोडक्यांच्याच अंगी असते. उद्या नोकरीच्या दारात उभे राहणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना झोराच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते हेच.