अंध ऑयलर आणि पटावरची एकतीस घरे

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. पहिल्या एकतीस घरांतले सगळे दाणे एकत्र केले, तर ते भरतात २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. लिओनार्ड ऑयलरने १७७२ साली तसे कळवले, तेव्हा तो पासष्टीच्या घरात होता आणि त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हते.

जन्म १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. वडील धर्मोपदेशक; मुलानेही तेच व्हावे ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नोलीने मुलाची बुद्धी हेरली आणि पोरगा गणिताचा झाला. विसाव्या वर्षी तो सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथे १७३२ मध्ये त्याने थोर फर्माची चूक दाखवली. फर्मा ४,२९,४९,६७,२९७ ला मूळ संख्या समजत होता. ऑयलरने तिला ६४१ ने भागून दाखवले. पुढे उजवा डोळा गेला. बर्लिनच्या राजाश्रयात पंचवीस वर्षे काढली, पण खुद्द राजाच त्याच्या एका डोळ्याची टिंगल करी. १७६६ मध्ये तो रशियाला परतला आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ साल तर पाहू नये असे. घराला आग लागली, कुणीतरी उचलून बाहेर काढले म्हणून तो वाचला. त्याच वर्षी शस्त्रक्रियेने आलेली दृष्टी थोड्याच दिवसांत पुन्हा गेली.

आणि पुढच्याच वर्षी ही संख्या! सरळ मार्गाने जायचे तर ४६,३४० पर्यंतच्या पावणेपाच हजारांच्या आसपास मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलरने ओळखले की, हिचा विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. झाले! तपासायच्या मूळ संख्या उरल्या जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी. एकीनेही भाग गेला नाही. मला तर भागाकारांपेक्षा ही चाळणीच मोठी वाटते. निष्कर्ष त्याने पत्राने कळवला, तो बर्नोली घराण्यातल्याच एकाला.

आज ही संख्या संगणकवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुन्या पद्धतीची संगणकी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी नेमकी याच आकड्याशी अडतात.

ऑयलरचे काम मात्र अंधपणातही अडले नाही. मुलगा आणि शिष्य लिहून घेत, तो सांगत राही. १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्याने नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेची चर्चा केली, आणि त्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला.