लळिंगचा धनी नसीरखान

धुळे शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. एस.टी.च्या खिडकीतून तो आपण अनेकदा पाहतो. चढून जाणारे मात्र थोडेच. खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षे राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा दुसरा राजा नसीरखान याच गडाचा धनी होता.

त्याचा पिता मलिक राजा १३९९ मध्ये वारला. राज्याची वाटणी होऊन थाळनेर धाकट्या हसनकडे गेले आणि लळिंग नसीरच्या वाट्याला आले. त्याची नजर होती अशीरगडावर. तेथे आसा अहीर हा धनाढ्य गवळी नांदत होता. दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे गोरगरिबांसाठी उघडली होती, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. शेजारच्या राजांचे भय आहे, तेव्हा माझ्या कुटुंबाला आश्रय द्यावा, अशी विनंती नसीरने त्याला केली. भोळ्या आसाने दरवाजे उघडले. डोल्या आत गेल्या. पण त्यांतून बायकांऐवजी सशस्त्र शिपाई बाहेर पडले. स्वागतास आलेला आसा मुलांसह मारला गेला.

पुढे नसीरने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले, ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने. १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने त्याने सख्ख्या भावाकडून थाळनेरही हिसकावले. गुजरातच्या अहमदशहापुढे मात्र त्याला नमावे लागले. त्या सुलतानाने त्याला ‘खान’ ही पदवी दिली. खानांचा देश तो खानदेश, अशी आपल्या प्रदेशाच्या नावाची एक व्युत्पत्ती आहे. काही अभ्यासक ते नाव कान्हदेशावरून आले असे मानतात.

त्याने आपली मुलगी बहामनी राजपुत्र अलाउद्दीनला दिली होती. सासरी तिची उपेक्षा झाली आणि तिने पित्याकडे गाऱ्हाणे मांडले. लेकीसाठी नसीर वऱ्हाडावर चालून गेला. पण बहामनी सेनापती खलफ हसनने रोहिणखेडला त्याचा पराभव केला, बुऱ्हाणपूर लुटले आणि अखेर लळिंगपाशी त्याला गाठून पुन्हा धूळ चारली. त्या मानहानीने खचून १४३७ मध्ये तो मरण पावला. थाळनेरला पित्याजवळ त्याचे दफन झाले.

नसीर शूर होता, नगरे वसवणारा होता, लेकीसाठी झुरणारा बापही होता. तरीही विश्वासाने उघडलेल्या दारातून त्याने खड्ग आत नेले, हे विसरता येत नाही. लळिंग चढताना त्याच्या कर्तृत्वाबरोबर आसा अहिराचीही आठवण ठेवावी. विजेत्याचे नाव इतिहास सांभाळतोच. अन्नदात्याचे आपण सांभाळायचे असते.